घाटांतील वळणें आणि गाडीच्या कमानी

बीड जिल्ह्याचा नकाशा पाहिला तर निसर्गानेंच त्याचे दोन भाग पाडलेले दिसतात. उत्तरेस गोदावरीच्या कांठची सखल गंगथडी, आणि दक्षिणेस बालाघाटच्या डोंगरांचें उंच पठार. आमचें केज हें गांव या वरच्या पठारावर वसलेलें आहे. तालुक्यांत धनेगांव येथें मांजरा नदीवर मोठें धरण आहे, उसाचे मळे आहेत. परंतु गांवास रेल्वे नाहीं. बीडास जावयाचें तर मांजरसुंब्याकडील घाट उतरावा लागतो. माजलगांवास जावयाचें तर किल्ले धारूर मागें टाकून धारूरचा घाट उतरावा लागतो. अंबाजोगाईची श्रीयोगेश्वरी ही कोंकणस्थांची कुलदेवता. तिच्या दर्शनास पुण्यामुंबईकडून मोटारीनें येणारीं कित्येक कुटुंबें मांजरसुंबा व केज याच वाटेनें येतात. यास्तव घाटांत मोटार कशी वागते हा प्रश्न आमच्याकडे केवळ हौशी तरुणांचा नाहीं. तो घरांतील वृद्धांचा, लेकुरवाळ्यांचा आणि सासुरवाशिणींचाहि आहे. तो आमच्या घरांत कसा उपस्थित झाला आणि त्यांतून आम्ही काय शिकलों, तें वाचकांपुढें ठेवीत आहें.

आमचें कुटुंब एकत्र आहे. घरांत सात आसनांची एकच मोटार आहे. माझ्या थोरल्या बंधूंची कन्या माजलगांवास दिली आहे. गेल्या मार्गशीर्षांत तिच्या डोहाळेजेवणासाठीं आम्ही सर्व मंडळी निघालों. गाडी मी चालवीत होतों. शेजारीं बंधु, मागें आई, वहिनी, माझी पत्नी आणि दोन मुलें. शिवाय फराळाचे डबे व बोळवणीचें सामान. धारूरचा घाट अरुंद आहे हें ठाऊक असल्यामुळें मी वेग बेताचाच ठेवला होता. एका वळणावर समोरून ऊस रिकामा करून परतणारा ट्रॅक्टर आला. मागें दोन ट्रॉल्या, आणि दुसरी ट्रॉली अर्ध्या रस्त्यापर्यंत आलेली. मीं चाक डावीकडे वळवून लगेच परत उजवीकडे आणलें. चाक फिरलें, परंतु गाडीचें धूड मागाहून फिरलें. तें एकदां डावीकडे कललें, मग उजवीकडे कललें, आणि तेवढ्यांत मागील चाक एका खड्ड्यांतून गेल्यामुळें गाडीचा मागचा भाग वीतभर कड्याकडे सरकला. कोणास इजा झाली नाहीं. परंतु घाट उतरून तेलगांवास चहासाठीं थांबलों तेव्हां माझे हात कांपत होते, आणि आई एक शब्दहि बोलली नव्हती.

पुतण्याचा उपाय

माझा पुतण्या पुण्यास नोकरीस असतो. ही हकीकत ऐकतांच तो म्हणाला, "काका, गाडी फार उंच आणि मऊ आहे. तिच्या स्प्रिंगा बदलल्या पाहिजेत. आंखूड आणि कठीण स्प्रिंगा घातल्या कीं गाडी खालीं बसते, कलत नाहीं, आणि वळण कसें चिकटून घेते तें पाहा." त्याचे कांहीं मित्र अशी सुधारणा करून ताम्हिणीच्या घाटांत फिरत असत. मला त्यांतलें फारसें कळत नव्हतें, आणि भय तर ताजें होतें. म्हणून मीं संमति दिली. तो गाडी पुण्यास घेऊन गेला, आणि पंधरा दिवसांनीं ती परत आली ती तीन बोटें खालीं बसलेली. सपाट डांबरी रस्त्यावर ती खरोखरच झोकांत वळत होती. आमचा पुतण्या विजयी मुद्रेनें माझ्याकडे पाहत होता.

कन्येस पहिल्या बाळंतपणासाठीं माहेरीं आणावयाचें होतें. त्याआधीं एकदां घाटाची परीक्षा करावी असें ठरलें. चारपांच मंडळी बसून आम्ही धारूरपलीकडे निघालों. घाटाच्या सुरुवातीस सर्व ठीक होतें. परंतु रस्ता जेथें उखडला होता तेथें वळणांतच गाडी खालून 'धाड' करून आदळली, आणि आदळतांक्षणींच पुढचीं चाकें सरळ घसरूं लागलीं. वेग पूर्वीपेक्षां जास्त नव्हता. गाडी कलत नव्हती हें खरें. पण ती रस्त्यास चिकटतहि नव्हती. उसळत होती. घरीं आल्यावर आईनें आपलें म्हणणें एका वाक्यांत सांगितलें: "या गाडींतून माझ्या नातीला आणायची नाहीं." त्यावर कोणी कांहीं बोललें नाहीं. कन्येस आणण्यास तीन आठवडे उरले होते.

गाडी रस्त्यास कशानें धरलेली असते?

दुसऱ्या दिवशीं केजच्या एका वयस्क मिस्त्रीस गाडी दाखविली. त्यांनीं गाडीखालीं शिरण्यापूर्वीं एक खूण दाखविली. गाडीचा एक कोपरा दोन्ही हातांनीं जोरानें दाबून सोडून दिला. कोपरा वर आला, खालीं गेला, पुन्हां वर आला, पुन्हां खालीं गेला. "शॉकअप संपले आहेत," ते म्हणाले, "आणि तुम्हीं त्यांच्यावर जास्त जोराच्या स्प्रिंगा बसविल्या!" त्या एका उद्गारांत आमची चूक पुरी आली होती. पुढें मीं पुस्तकें चाळलीं, जाणत्यांस विचारलें, तेव्हां त्या उद्गाराचा अर्थ उलगडला.

हजारदीड हजार किलोंची मोटार रस्त्यास स्पर्श करते ती फक्त चार ठिकाणीं, आणि प्रत्येक ठिकाणचा स्पर्श सुमारें तळहाताएवढा असतो. गाडी वळते, थांबते, कड्यावरून खालीं जात नाहीं, तें सर्व या चार तळहातांच्या बळावर. चाक क्षणभर जरी रस्त्यावरून उचललें गेलें, किंवा त्यावरील भार एकदम कमी झाला, तरी तेवढा क्षण तें चाक गाडीस धरीत नाहीं. म्हणून कमानींचें पहिलें काम प्रवाशांस सुख देणें हें नव्हे. चाक रस्त्यावर टेकलेलें ठेवणें हें आहे. सुख हें त्याच कामाचें दुसरें फळ होय.

स्प्रिंग एकटी हें काम करूं शकत नाहीं. आपल्या माजघरांतील झोपाळा आठवावा. एक झोका दिला कीं तो कितीतरी वेळ हलत राहतो, कारण त्याची गति जिरविणारें कांहीं नसतें. स्प्रिंगेचें तसेंच आहे. खड्ड्यानें दिलेला झोका ती सांठविते आणि परत करते. तो झोका जिरविण्याचें काम शॉकअप करतो. नळकांड्यांत तेल असतें. दट्ट्या हलला कीं तें बारीक भोंकांतून जातें, आणि त्या घर्षणांत हालचालीची शक्ति उष्णता होऊन निघून जाते. तेल गळलें किंवा आंतील झडपा झिजल्या कीं झोपाळा मोकाट सुटतो. अशा शॉकअपावर अधिक कठीण स्प्रिंग बसविणें म्हणजे मोकाट झोपाळ्यास अधिक जोराचा झोका देणें. त्यांतच स्प्रिंग आंखूड असल्यामुळें तिला दबण्यास जागा उरली नव्हती. भरलेली गाडी खड्ड्यांत गेली कीं ती थेट रबरी ठोकळ्यावर आदळे, चाकावरील भार एकदम बदले, आणि चाक घसरे. 'धाड' असा आवाज झाला तो हाच.

कलणें आणि भार सरकणें

दुसरी एक समजूत माझ्या पुतण्यासारखीच पुष्कळांची असते, कीं गाडी कलली नाहीं म्हणजे ती सुरक्षित झाली. वळणावर गाडीचा भार आंतील चाकांवरून बाहेरील चाकांवर सरकतो. किती सरकतो तें तीन गोष्टींवर ठरतें: वळणाचा जोर, गाडीच्या गुरुत्वमध्याची उंची, आणि दोन चाकांमधील रुंदी. उदाहरणादाखल, गाडी माणसांसह १,८०० किलोंची, गुरुत्वमध्य ६५ सेंटिमीटर उंच, चाकांमधील अंतर दीड मीटर, आणि वळणाचा जोर वजनाच्या शेंकडा ४० इतका धरला, तर ३०० किलोंहून अधिक भार एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जातो. या हिशेबांत स्प्रिंगेचा कठीणपणा कोठेंच येत नाहीं. स्प्रिंग कठीण केल्यानें गाडी कमी कलेल आणि चाक फिरवितांच लवकर उत्तर देईल. पण एकंदर भार तेवढाच सरकेल. डोक्यावर हंडा घेतलेल्या बाईनें कंबर ताठ ठेवली म्हणून हंडा हलका होत नाहीं, तशांतलाच हा प्रकार. भार कमी सरकावा असें वाटत असेल तर सामान टपावर न बांधतां खालीं ठेवावें, आणि वळणावर वेग कमी करावा.

वेगाचें गणित तर प्रत्येक चालविणारानें पाठच करावें असें आहे. वळणाचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. ३० मीटर त्रिज्येचें वळण ताशीं ३० किलोमीटरनें घेतलें तर बाजूचा जोर वजनाच्या शेंकडा २४ होतो; ताशीं ४० नें घेतलें तर शेंकडा ४२; आणि ५० नें घेतलें तर शेंकडा ६६. कोरड्या, चांगल्या रस्त्यावर चांगला टायर हा शेवटचा जोर कसाबसा सोशील. ओल्या किंवा वाळू पडलेल्या रस्त्यावर सोसणार नाहीं. ताशीं वीस किलोमीटरच्या फरकांत जोर पावणेतीनपट झाला. इतका फरक बाजारांत मिळणारी कोणतीहि स्प्रिंग भरून काढूं शकत नाहीं.

जुन्या वाहनांची साक्ष

कमानींचा हा विचार मोटारींबरोबर जन्मास आला असें नाहीं. आपल्या बैलगाडीस कमान नव्हती. आंखावर थेट साटा, म्हणून हाडें खिळखिळीं होत. टांग्याखालीं पोलादी पट्ट्यांच्या कमानी आल्या तेव्हां प्रवास सुसह्य झाला. इंग्लंडांत ओबाडाया इलियट यानें १८०४ मध्यें लंबवर्तुळाकार कमानींचें पेटंट घेतलें, आणि घोडागाड्यांचें स्वरूप पालटलें. तेच एकावर एक रचलेले पट्टे पुढें मोटारींत आले. आमच्याकडील मिस्त्री त्यांस 'पाटे' म्हणतात. वाचकांपैकीं अनेकांच्या घरीं एकेकाळीं असलेल्या अँबॅसडर गाडीच्या मागच्या बाजूस, तसेंच सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनीं १९४४ मध्यें स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या पद्मिनी गाडीच्या मागच्या बाजूसहि असेच पाटे असत. पुढें अर्ल मॅक्फर्सन या अमेरिकन अभियंत्याच्या नांवाची रचना, म्हणजे स्प्रिंग व शॉकअप एकाच खांबांत बसविण्याची रीति, जगभर पसरली. आजच्या बहुतेक लहान मोटारींच्या पुढच्या चाकांस तीच आहे.

या इतिहासांतील एक धडा आमच्या कामाचा ठरला. १९३० नंतरच्या वर्षांत मॉरिस ऑली या अभियंत्यानें अमेरिकेंत प्रयोग करून असें दाखविलें, कीं पुढच्या व मागच्या स्प्रिंगा एकमेकींशीं जुळलेल्या असाव्या लागतात; खड्डा आधीं पुढच्या चाकांस लागतो व मग मागच्या, म्हणून पुढची स्प्रिंग मागचीपेक्षां सावकाश हलणारी असेल तर गाडी डुचमळत नाहीं. म्हणजे कमानी हें एक कुटुंबच आहे. एकाच्याच मनासारखें केलें तर बाकीच्यांचा ताल बिघडतो.

सुधारणेचा क्रम

मिस्त्रींनीं सुधारणेचा जो क्रम सांगितला तो घाटांतून ये-जा करणाऱ्या कोणत्याहि कुटुंबास उपयोगी पडेल. मग तो घाट आमचा धारूरचा असो, वा वरंधा, आंबेनळी, माळशेज असो.

प्रथम टायर. आमचे टायर वरून गुळगुळीत दिसत नव्हते, पण कडेनें खाल्लेले होते. कायद्यानें मोटारीच्या टायरची खांचणी किमान १.६ मिलिमीटर खोल लागते. घाटासाठीं पावसाळ्यांत त्याहून बरीच अधिक असावी. टायरचें वयहि पाहावें. बाजूवर चार आंकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवडा, दुसरे दोन वर्ष. '२३१७' असें असल्यास तो टायर २०१७ च्या तेविसाव्या आठवड्यांत तयार झाला असें समजावें. हवा दाराच्या चौकटीवरील तक्त्याप्रमाणें, थंड टायरांत, आणि गाडी भरली असेल तर भरलेल्या गाडीसाठीं दिलेल्या आंकड्याप्रमाणें भरावी. आमच्या मागच्या टायरांत सात माणसें असतांहि दोन माणसांचीच हवा होती!

दुसरें, रबराचे बुश आणि सांधे. चाकास धरून ठेवणाऱ्या भुजा ज्या रबरांत बसलेल्या असतात तीं रबरें वर्षांमागून वर्षें ऊन, धूळ व तेल खाऊन फुटतात. मग चाक वळणांत आपली दिशा किंचित् बदलतें, आणि चालविणारास वाटतें कीं चाक फिरविल्यावर गाडी विचार करून मग वळते. आमच्या गाडीच्या पुढच्या दोन्ही भुजांचे बुश फुटलेले निघाले. ते बदलल्यावरच चाकांची दिशा यंत्रावर जुळवून घ्यावी. आधीं जुळविणें म्हणजे भिंत पडकी असतां तीस रंग देणें.

तिसरें, शॉकअप. हीच आमच्या कामांतील खरी सुधारणा. ते एकेकटे बदलूं नयेत. निदान एका आंसावरील दोन्ही एकदम बदलावे. लांब घाटांत, उखडलेल्या रस्त्यावर, शॉकअपांतील तेल तापतें व त्यांत फेंस होतो. फेंसाळलेलें तेल झोका जिरवीत नाहीं. म्हणून तेलावर नायट्रोजन वायूचा दाब असलेले शॉकअप मिळत असतील तर ते घ्यावे. आम्हीं मूळ मापाच्या स्प्रिंगा परत बसविल्या, आणि त्यांना जुळणारे, किंचित् अधिक जिरवणशक्तीचे नवे शॉकअप चारी चाकांस घातले.

चौथें, अँटिरोल बार, म्हणजे डाव्याउजव्या चाकांस जोडणारी पोलादी सळई. गाडी एका बाजूस कलूं लागली कीं ही सळई पिळली जाते आणि कलणें रोखते. तिचे छोटे सांधे झिजले असतील तर अवश्य बदलावे. परंतु मूळची सळई काढून जाड सळई घालण्याचा मोह जपून करावा. पुढची सळई जाड केली तर पुढच्या बाहेरील चाकावर भार अधिक जातो आणि गाडी वळणांत सरळ जाऊं पाहते. केवळ मागची जाड केली तर मागचा भाग बाहेर फेंकला जाऊं शकतो, आणि कड्याच्या वाटेवर हें दुसरें अधिक घातक.

स्प्रिंगा सर्वांत शेवटीं. गाडी नेहमींच भरून जात असेल व मागें फार बसत असेल, तर त्या गाडीसाठींच केलेल्या, मूळ उंचीच्या, थोड्या अधिक भाराच्या स्प्रिंगा विचारपूर्वक घालतां येतील. पण गाडी खालीं बसविणाऱ्या आंखूड स्प्रिंगा सपाट शर्यतीच्या रस्त्यासाठीं. उखडलेल्या घाटासाठीं व भरल्या कुटुंबासाठीं नव्हेत.

येथें कायद्याचाहि एक शब्द सांगितला पाहिजे. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाच्या ५२ व्या कलमाप्रमाणें, नोंदणीपत्रांतील तपशील मूळ उत्पादकानें दिलेल्या तपशिलाशीं विसंगत होईल असा बदल गाडींत करतां येत नाहीं; २०१९ च्या जानेवारींत सर्वोच्च न्यायालयानेंहि हें कलम कडकपणें लावावें असाच निर्णय दिला. झिजलेला भाग त्याच मापाचा नवा घालणें वेगळें, आणि गाडीची रचना पालटणें वेगळें. यास्तव मोठा बदल करण्यापूर्वीं परिवहन कार्यालयांत व विमा कंपनींत लेखी विचारून घ्यावें. अपघातानंतर विचारण्यांत अर्थ नाहीं.

पुन्हां तोच घाट

हें सर्व होईपर्यंत दोन आठवडे गेले. खर्चाचा हिशेब मांडला तेव्हां पुतण्या ओशाळला. कारण टायर सोडले तर एकंदर रक्कम त्याच्या आंखूड स्प्रिंगांहून फार अधिक नव्हती. परंतु त्याचा दोष काढणें न्यायाचें होणार नाहीं. गाडी घाटांत बरी वागावी ही त्याची इच्छा योग्यच होती. आणि शॉकअप संपले आहेत हें इतके दिवस न पाहणारा चालक तर मीच होतों. त्यानें एक मागणी मात्र केली. "काका, आतां ताईला आणायला गाडी मी चालवूं? तुम्ही शेजारीं बसा, आणि वेग तुम्ही सांगा." मीं होकार दिला.

माजलगांवाहून परततांना गाडींत कन्या होती, तिची आई होती, आणि आग्रह करून आमची आईहि आली होती. तेलगांव सोडलें, घाट लागला. ज्या वळणावर पूर्वीं गाडी सरकली होती तेथें या खेपेसहि एक मालगाडी रस्त्याच्या मधून खालीं येत होती. पुतण्यानें वेग आधींच उतरविला होता. त्यानें गाडी डावीकडे घेतली, परत आणली. गाडी किंचित् कलली, खड्ड्यांत एकदां दबली, आणि सावरली. दुसरा झोका आला नाहीं. मागें गोष्टी चालल्या होत्या त्या तशाच चालू राहिल्या. तेवढ्यावरून मीं समजलों कीं काम नीट झालें आहे. धारूर आल्यावर आईनें विचारलें, "घाट येऊन गेला का रे?"

असो. घाटांत गाडी बरी वागावी ती वळण अधिक वेगानें घेतां यावें म्हणून नव्हे. वळणापलीकडे काय आहे हें कोणास दिसत नाहीं. ऊसतोडीस निघालेल्या कुटुंबांनीं भरलेली ट्रॉली असेल, गुरें असतील, दरड असेल. त्या अवचित क्षणीं हातांतील चाकाचें गाडीनें ऐकावें, एवढ्यासाठींच ही सुधारणा करावयाची. ज्यानें चांगल्या शॉकअपांच्या जोरावर दहा किलोमीटरचा वेग वाढविला, त्यानें सुधारणेनें मिळविलेलें सर्व त्याच वळणावर घालविलें असें समजावें.

आतां आमच्या घरीं नातवंड रांगूं लागलें आहे. त्या आंखूड स्प्रिंगा माडीवर एका खोक्यांत पडून आहेत. पुतण्या सुटींत येतो तेव्हां त्या विकून टाकाव्या असें म्हणतो. पण मीं त्या ठेवून घेतल्या आहेत. उद्यां हीं मुलें मोठीं होतील, गाडी चालवूं लागतील, आणि गाडी खालीं बसविण्याची गोष्ट काढतील. तेव्हां तें खोकें त्यांच्यापुढें ठेवीन, आणि अंगणांत नेऊन गाडीचा एक कोपरा दाबून सोडावयास सांगेन.